छोट्या युनिटचं वर्ष : २००२चा जागतिक सिनेमा

२००२ साली सिनेमावाल्यांच्या तोंडी एकच शब्द होता : डिजिटल. मे महिन्यात जॉर्ज लुकासचा ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ आला. तो फिल्मच्या रिळाला हात न लावता चित्रित केलेला होता, आणि रिळाचे दिवस भरले असं लुकास धरूनच चालला होता. त्याच महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धेत डिजिटल कॅमेऱ्यावर केलेले निदान तीन महत्त्वाचे चित्रपट होते : रशियाच्या अलेक्सांद्र सोकुरोव्हचा ‘रशियन आर्क’, इराणच्या अब्बास किआरोस्तामीचा ‘टेन’ आणि चीनच्या जिया झांग्केचा ‘अननोन प्लेझर्स’. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण लेख लिहिणाऱ्यांनी तिघांना एकाच दावणीला बांधलं आणि नव्या युगाची द्वाही फिरवली.

आज ते चित्रपट पुन्हा लावून बसलं की त्या चर्चेतलं फारसं काही टिकलेलं दिसत नाही. कॅमेऱ्यात टेप आहे की फिल्म, हे विसरायला पहिली दहा मिनिटं पुरतात. टिकलंय ते वेगळंच. त्या वर्षीचे जे चित्रपट अजून अंगावर येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे माणसं थोडी होती आणि वेळ भरपूर. चार-पाच जणांचं युनिट, ओळखीची जागा, आणि समोरचा माणूस कॅमेऱ्याला सरावेपर्यंत थांबायची तयारी. यंत्र नवं असो की जुनं. अपवाद आहेत, आणि त्यांतला एक तर भलताच मोठा आहे.

त्याआधी एक कटकट उरकून घेऊ. सिनेमाचं वर्ष नेमकं कोणतं धरायचं? मियाझाकीचा ‘स्पिरिटेड अवे’ जपानमध्ये २००१च्या जुलैत लागला. बर्लिनमध्ये फेब्रुवारी २००२मध्ये त्याला ‘ब्लडी संडे’बरोबर विभागून सुवर्ण अस्वल मिळालं (परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा होत्या आपल्या मीरा नायर), आणि ऑस्कर २००३च्या मार्चमध्ये. तीन वर्षांवर त्याचा हक्क. मी इथे २००२मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आलेलेच चित्रपट धरतोय, म्हणून मियाझाकीला लांबूनच नमस्कार.

आता तो मोठा अपवाद. ‘रशियन आर्क’साठी सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज संग्रहालय एका दिवसापुरतं मोकळं मिळालं. तारीख २३ डिसेंबर २००१. त्या दिवसांत तिथे चित्रणाला पुरेल असा उजेड जेमतेम चार तास असतो. टिलमन ब्युटनर नावाच्या जर्मन छायाचित्रकाराने अंगावर स्टेडिकॅम बांधला आणि ३३ दालनांतून, दोन हजारांच्या आसपास नट, नर्तक आणि वादकांच्या मधून, तो दीड तास न थांबता चालला. चित्रपटात एकही कट नाही. पहिले तीन प्रयत्न सुरुवातीलाच फसले, चौथा लागला. चित्रण टेपवर न होता थेट हार्ड डिस्कवर झालं, कारण एवढा लांब शॉट मावेल असं दुसरं काहीच नव्हतं. पराक्रम आहे, यात वाद नाही. पण पराक्रम बघताना आपण चित्रपटापेक्षा ब्युटनरच्या पाठीचीच काळजी जास्त करतो. राजघराण्याच्या तीनशे वर्षांतून कॅमेरा तरंगत जातो. सोव्हिएत काळाच्या वाट्याला मात्र एक थंडगार खोली येते, जिथे लेनिनग्राडच्या वेढ्यातला एक माणूस स्वतःसाठी शवपेटी ठोकतोय. सोकुरोव्हला कट नको होता तो नुसता चित्रीकरणात नव्हे, रशियाच्या इतिहासातही नको होता, असं मला दर वेळी वाटतं. शेवटचा नाच संपून ती सगळी गर्दी जिन्यावरून खाली उतरायला लागते तेव्हा मात्र सगळी कुरकुर बाजूला राहते.

किआरोस्तामीने त्याच सुमारास उलटं टोक गाठलं. गाडीच्या डॅशबोर्डवर दोन लहान कॅमेरे लावले. एक चालवणाऱ्या बाईवर, दुसरा शेजारी बसणाऱ्यावर. दहा प्रवास, दहा संभाषणं, आणि तेहरानचे रस्ते खिडकीबाहेर. पहिल्या प्रवासात बाईचा मुलगा अमीन शेजारी बसतो. घटस्फोटासाठी तिने नवरा व्यसनी असल्याचं कोर्टात सांगितलं, यावरून तो आईशी भांडतो. कानांवर हात घेतो, ओरडतो, मोठ्या माणसासारखे टोमणे मारतो. पंधरा मिनिटं उलटून गेली तरी कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. आई दिसतच नाही, फक्त ऐकू येते. मग तो दार आपटून उतरतो आणि ती पहिल्यांदा दिसते. तोवर तिची चूक की मुलाची, याचा निवाडा आपण मनात देऊन बसलेलो असतो, तो तिचा चेहरा पाहताच डळमळतो. मोठं युनिट, दिवे, क्लॅप आणि मधूनच टच-अप करायला धावणारा मेकअपमन असता तर त्या मुलाने असं भांडण केलं नसतं. मानिया अकबरी आणि अमीन हे खरोखरच मायलेक. पुढे अनेक वर्षांनी अकबरी यांनी या चित्रपटाच्या श्रेयावरच जाहीर आक्षेप घेतला. दिग्दर्शक गाडीतून उतरला की चित्रपट कुणाचा, हा प्रश्न ‘टेन’च्या घडणीतच होता. तो त्यांच्या बोलण्याने ऐरणीवर आला, एवढंच.

हाच चित्रपट घेऊन किआरोस्तामी त्या वर्षी न्यूयॉर्कच्या महोत्सवाला निघाला होता. ११ सप्टेंबरनंतरचे दिवस. इराणी माणसाला वेळेत व्हिसा मिळाला नाही. हे कळताच फिनलंडच्या अकी कौरिस्माकीने त्याच महोत्सवाला जायचं रद्द केलं. इराणी माणूस नको असेल तर फिनिश माणसाचं तिथे काय काम, असा एकूण सूर. पुढच्या मार्चमध्ये त्याच्या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन होतं तेव्हाही तो गेला नाही, कारण इराकवर बॉम्ब पडायला सुरुवात होऊन तीनच दिवस झाले होते.

त्याचा तो चित्रपट म्हणजे ‘द मॅन विदाउट अ पास्ट’. हेलसिंकीत उतरताच मार खाऊन स्मृती गमावलेला एक माणूस बंदराजवळच्या रिकाम्या कंटेनरमध्ये संसार मांडतो. एक वायरमन त्याला खांबावरून वीज जोडून देतो. पैसे किती झाले, असं विचारल्यावर म्हणतो, मी कधी गटारात पालथा पडलेला दिसलो तर उलथा कर, बस. योगायोग असा की त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका थोर चित्रपटातही वायरमन आहे. मॉरिटानियाच्या अब्दररहमान सिसाकोच्या ‘वेटिंग फॉर हॅपिनेस’मध्ये नुआदिबू या बंदराच्या गावात म्हातारा माता आणि त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा खात्रा घरोघर दिवे जोडत फिरतात. वाळूत वायर ओढतात, बल्ब लागतो, कधी लागत नाही. गावातली निम्मी माणसं युरोपला जायच्या तयारीत. कौरिस्माकीला कानमध्ये ग्राँ प्री मिळालं, सिसाकोला पुढच्या वर्षी वागादुगूच्या आफ्रिकी महोत्सवात सर्वोच्च सन्मान. दोघांपैकी एकालाही घाई नाही, आणि दोघांच्याही चित्रपटात गरिबी आहे पण कीव नाही.

चीनमध्ये त्या वर्षी दोन टोकं दिसली. डिसेंबरात झांग यिमूचा ‘हीरो’ आला. तलवारी, रेशीम, पिवळ्या पानांचा पाऊस, हजारो सैनिक, आणि शेवटी निष्कर्ष असा की देश एकसंध ठेवणाऱ्या राजाला मारू नये. तिकीटबारीवर त्याने चीनमधले आधीचे विक्रम मोडले. दिसायला देखणा, यात शंका नाही. पण तो निष्कर्ष मला तेव्हाही पचला नव्हता, आजही पचत नाही. आणि त्याच देशात वांग बिंग नावाचा तिशीतला तरुण लहानसा डीव्ही कॅमेरा घेऊन शेनयांगच्या तिएशी भागात एकटा फिरत होता. हा सरकारी कारखान्यांचा भाग. कारखाने एकामागून एक बंद पडत होते. १९९९ ते २००१ तो तिथे राहिला. त्यातून जो ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ झाला त्याची लांबी नऊ तासांहून अधिक. पाच तासांचं एक रूप २००२मध्ये बर्लिनला दाखवलं गेलं, पूर्ण चित्रपट पुढच्या वर्षी रॉटरडॅमला.

नऊ तास ऐकून पळू नका. कामगारांची विश्रांतीची खोली, भट्टीवरून येऊन आंघोळ केलेले उघडे पुरुष, पत्त्यांचा डाव, शिव्या, आणि कुणीतरी सहज सांगतो की अमुक विभाग बंद होतोय. बस एवढंच. कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही, कारण तो तिथे रोजचाच झालाय. तिसऱ्या भागात रेल्वेच्या रुळांलगत कोळसा गोळा करून जगणारे एक बाप-लेक आहेत. बापाला पोलीस उचलतात. तरुण मुलगा अंधाऱ्या खोलीत एकटाच असतो. तो एका पिशवीतून घरचे जुने फोटो काढतो, एकेक दाखवतो, आणि मधेच त्याचं तोंड वाकडं होतं, डोळे भरतात. वांग बिंग काही विचारत नाही, पुढेही सरकत नाही. त्या खोलीत दुसरा माणूस मावलाच नसता.

जिया झांग्केचं काम यापेक्षा हलक्या हाताचं. दातोंग नावाच्या कोळशाच्या शहरातली दोन निरुद्योगी पोरं, एक मोटारसायकल, दारूची जाहिरात करत नाचणारी एक मुलगी. ‘अननोन प्लेझर्स’मधला एक प्रसंग आवर्जून सांगण्यासारखा आहे. त्यातला एक पोरगा पायरेटेड सीड्या विकायला लागतो. गिऱ्हाईक येतं आणि जिया झांग्केचे आधीचे चित्रपट मागतं. ते त्याच्याकडे नसतात. चीनमध्ये त्या चित्रपटांना रीतसर प्रदर्शन मिळालेलंच नव्हतं, त्यामुळे विनोदाची धार कुणाच्या गळ्यावर आहे ते कळतं. फुटपाथवरच्या सीडीवाल्यांकडून सिनेमा शिकलेली आपल्याकडची अख्खी पिढी यावर हसेल, आणि थोडी ओशाळेलही.

आता डिजिटलचा पोवाडा जिथे अडतो ते दोन चित्रपट. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा ‘द सन’ आणि तुर्कस्तानच्या नूरी बिल्गे जेलानचा ‘उझाक’. दोन्ही फिल्मवर. त्या वर्षातलं सर्वोत्तम मला या दोघांत सापडतं.

‘उझाक’साठी जेलानचं युनिट पाच जणांचं होतं. घर त्याचं स्वतःचं, गाडी त्याची स्वतःची, कॅमेऱ्यामागे तो स्वतः, आणि गावाकडून आलेल्या युसुफच्या भूमिकेत त्याचा चुलतभाऊ मेहमेत एमिन तोप्राक. इस्तंबूलमध्ये एकटा राहणारा महमूत फोटोग्राफर आहे. कधीकाळी तार्कोव्हस्कीसारखे चित्रपट करायचं स्वप्न होतं, आता फरशांच्या कंपनीसाठी फरशांचे फोटो काढतो. गावातला कारखाना बंद पडला म्हणून युसुफ जहाजावर नोकरी शोधायला त्याच्याकडे येऊन राहतो. चार दिवसांचा पाहुणा दोन आठवड्यांचा झाला की घरात काय काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. बुटांचा वास, सिगारेट, दिवा चालू राहिला. एका रात्री महमूत टीव्हीवर तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ लावतो. युसुफ कंटाळून झोपायला जातो. तो गेल्याची खात्री झाली की महमूत ‘स्टॉकर’ काढून अश्लील कॅसेट लावतो. कलेच्या नावाने गळे काढणाऱ्यांवर यापेक्षा अचूक टीका मी पडद्यावर पाहिलेली नाही.

पण जेलान थट्टेवर थांबत नाही. महमूतचं एक घड्याळ हरवतं. संशय अर्थातच युसुफवर. नंतर ते महमूतलाच घरात सापडतं, आणि तो ते सांगत नाही. पुन्हा जागेवर ठेवतो आणि युसुफला संशयाखालीच राहू देतो. हे कृत्य इतकं क्षुद्र आणि इतकं ओळखीचं आहे की बघताना मान खाली जाते. तोप्राक २००२च्याच डिसेंबरात गाडीच्या अपघातात गेला. पुढच्या मे महिन्यात कानमध्ये त्याला आणि महमूत साकारणाऱ्या मुझफ्फर ओझदेमिरला अभिनयाचं पारितोषिक विभागून मिळालं.

‘द सन’मध्ये कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ ऑलिव्हिए गुर्मेच्या मानेमागे आहे. या नटाला कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तोही बराचसा पाठ आणि चष्म्याच्या दांड्या यांच्या बळावर. तो सुतारकाम शिकवतो. सुधारगृहातून सुटून आलेला एक मुलगा त्याच्याकडे शिकायला येतो. यानेच पाच वर्षांपूर्वी आपल्या मुलाचा जीव घेतला, हे मास्तरला माहीत आहे, मुलाला माहीत नाही. मग पावणेदोन तास आपण फळ्या मोजतो, शिडी चढतो, ओंडके पेलतो. एका संध्याकाळी रस्त्यावर मुलगा विचारतो, तुमच्या पायापासून माझ्या पायापर्यंत अंतर किती? मास्तर नजरेने सांगतो. मुलगा खिशातली घडीची मोजपट्टी उलगडून मोजतो, तर तंतोतंत. त्याच्या चेहऱ्यावर गुरूविषयी निखळ आदर उमटतो. आपल्या पोटात मात्र गोळा येतो, कारण याच नजरेने मास्तर त्या पोराचंही माप घेत असणार. क्षमा हा शब्द चित्रपटात कुणी उच्चारत नाही. डेव्हिड लिंचच्या परीक्षक मंडळाने सुवर्णपाम दिला तो मात्र पोलान्स्कीच्या ‘द पियानिस्ट’ला. चित्रपट संयमी आहे, घट्ट आहे, क्राकोच्या ज्यू वस्तीतून लहानपणी निसटलेल्या माणसाने केलेला आहे. निवड चुकीची म्हणता येणार नाही, पण बेताची होती.

छोट्या युनिटचा माझा सिद्धांत ‘सिटी ऑफ गॉड’वर लंगडतो, हे मान्य करायला हवं. फर्नांदो मेइरेलिस आणि कातिया लुंद यांचा हा चित्रपट रिओच्या वस्तीतल्या टोळ्यांचा, पावलो लिन्सच्या कादंबरीवर आधारलेला. भरधाव, चकचकीत. पहिल्याच प्रसंगात सुऱ्या परजल्या जातात, कोंबडी निसटते आणि हातात पिस्तुलं घेऊन पोरं तिच्यामागे गल्लीबोळांतून धावतात. संकलन जाहिरातपटाच्या वेगाचं. ब्राझीलमध्येच यावरून वाद पेटला. ग्लाउबेर रोशाने साठच्या दशकात भुकेचं सौंदर्यशास्त्र मांडलं होतं. हे तर भुकेचं सौंदर्यप्रसाधन, असा टोला समीक्षक इव्हाना बेंतेसने हाणला. टोला नेमका आहे. तरी टोळीप्रमुख दोन चिमुरड्यांना ‘गोळी हातात हवी की पायात’ विचारतो तेव्हा त्यातला धाकटा जो रडतो, ते प्रसाधन नव्हे. ती पोरं वस्त्यांतूनच निवडलेली, कित्येक महिने कार्यशाळेत घडवलेली. म्हणजे युनिट मोठं असलं तरी वेळ इथेही काढला होताच. ऑस्करवाल्यांनी पहिल्या वर्षी परभाषी विभागात या चित्रपटाला दारातही उभं केलं नाही, आणि पुढच्या वर्षी दिग्दर्शनासह चार नामांकनं दिली.

याच ऑस्करवाल्यांनी एलिया सुलेमानच्या ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’बाबत वेगळीच पंचाईत उभी केली. पॅलेस्टाइन हा त्यांच्या लेखी देश नव्हता, मग परभाषी चित्रपट कुठल्या देशाचा? कानमध्ये या चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. रामल्ला आणि जेरुसलेम यांच्यामधल्या नाक्याजवळ मोकळ्या जागेत एक जोडपं गाडीत बसून हात हातात घेतं, कारण पलीकडे जायची परवानगी दोघांना मिळून नाही. मग नायक यासर अराफतचा चेहरा छापलेला लाल फुगा फुगवून सोडतो. सैनिक गोळी घालावी की वरिष्ठांना विचारावं या गोंधळात, आणि फुगा नाका ओलांडून अल-अक्सावर जाऊन घिरट्या घालतो. दुसऱ्या इंतिफादाच्या ऐन धुमश्चक्रीत हा माणूस विनोद करत होता.

कोरियाच्या ली चांग-डाँगचा ‘ओएसिस’ व्हेनिसला गाजला. तुरुंगातून सुटलेला एक बिनडोक वाटणारा तरुण आणि सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी. सुरुवातीचा प्रसंग अत्याचाराचाच आहे, आणि त्यातून पुढे प्रेमकथा कशी उभी राहते यावर भांडायला भरपूर जागा आहे. पण मुलीच्या खोलीत भिंतीवर एक चित्राचं कापड टांगलंय, त्यावर भारतीय बाई, लहान मुलगा आणि हत्तीचं पिल्लू. एका रात्री ती तिघं कापडातून उतरून त्या कोंदट खोलीत नाचायला लागतात. सोलमधल्या त्या दोघांच्या स्वप्नात हत्ती आपल्याकडचा! दिग्दर्शक काही महिन्यांनी देशाचा संस्कृतिमंत्री झाला. आपल्याकडे कल्पना करून बघा.

अल्मोदोवारचा ‘टॉक टू हर’ अनेकांच्या यादीत पहिला असतो. कोमातल्या दोन बायका आणि त्यांच्या उशाशी बसलेले दोन पुरुष. कारागिरी वादातीत, पण त्या दोघांतल्या परिचारकाच्या अपराधावर अल्मोदोवारने जी मखमल पांघरली आहे ती मला खुपते. स्पेनने त्याला ऑस्करला पाठवलंच नाही, तरी पटकथेचं ऑस्कर त्याने नेलंच. थायलंडच्या अपिचातपाँग वीरासेथाकुलच्या ‘ब्लिसफुली युअर्स’मध्ये श्रेयनामावली पाऊण तासाने येते, आणि ते लाडिक वाटत नाही. अर्जेंटिना आदल्या वर्षअखेर दिवाळखोरीत गेला होता. तिथल्या कार्लोस सोरिनने पाटागोनियात, बहुतेक नट नसलेली माणसं घेऊन ‘इस्तोरियास मिनिमास’ केला, तो आजही ताजा आहे.

आपल्याकडे त्या वर्षीच्या कानची आठवण म्हणजे ‘देवदास’ आणि घोडागाडी. स्पर्धेबाहेरच्या त्या खेळाने आपलं सगळं लक्ष खाल्लं. खरं तर २००२च्या या चर्चेत शोभेल असं काम मुंबईतच झालं होतं. आनंद पटवर्धन यांनी पोखरणच्या १९९८च्या चाचण्यांनंतर स्वतः कॅमेरा धरून भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका पालथी घातली आणि ‘जंग और अमन’ केला. सेन्सॉर मंडळाने काटछाटीची यादी काढली. पटवर्धन कोर्टात गेले आणि २००३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न करता तो दाखवायला मोकळीक दिली. पुण्यात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर हेही बाजाराच्या बाहेर राहून आपल्या बेताने काम करत होतेच. त्यांच्या ‘वास्तुपुरुष’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वैभव ओसरलेल्या वाड्यातल्या घराण्याचा हा चित्रपट ‘उझाक’शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. त्याची पात्रं जरा जास्त बोलतात, एवढीच माझी तक्रार. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही याच वर्षी सुरू झाला.

कुठून सुरुवात करायची, असं कुणी विचारलं तर ‘द सन’ आधी, त्याच आठवड्यात ‘उझाक’. ‘टेन’ दुपारी, एकट्याने. ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ तीन रविवारी तीन भागांत. एका बैठकीत बघितल्याच्या बढाया मारणारे बरेचसे मधे झोपलेले असतात. ‘रशियन आर्क’ मात्र मोबाइलवर बघू नये, मोठा पडदा मिळेपर्यंत थांबावं. गास्पार नोएचा ‘इररिव्हर्सिबल’ त्या वर्षी कानमध्ये प्रेक्षक उठून गेल्यामुळे फार गाजला. तो सुटला तरी काही बिघडत नाही.